कागदी लिंबाचा टार्ट, मुंबईच्या हवेत

अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला बेटांची एक माळ आहे, फ्लोरिडा कीज. तिथला 'की लाइम पाय', म्हणजे बिस्किटाच्या कवचात लिंबाचं आंबट-गोड सारण भरलेला टार्टसारखा पदार्थ, जगभर गाजलेला आहे आणि २००६ साली फ्लोरिडाने त्याला राज्याचा अधिकृत 'पाय' म्हणून मान दिला. त्यात जे 'की लाइम' लागतं ते म्हणजे आपलं कागदी लिंबूच. जात एकच, सिट्रस ऑरँटिफोलिया: पातळ साल, भरपूर बिया, आंबट रस आणि तो झणझणीत वास. १९२६ च्या चक्रीवादळात फ्लोरिडातल्या या लिंबाच्या बागा उद्ध्वस्त झाल्या आणि पुढे तिथे मोठ्या, बिनबियांच्या पर्शियन लिंबाची लागवड वाढली. त्यामुळे तिकडच्या लोकांना अस्सल फळ मुद्दाम शोधावं लागतं. आपल्याला ते दादरच्या भाजीवालीकडे मिरच्या-कोथिंबिरीच्या शेजारी मिळतं.

आपला टार्ट म्हणजे त्याच पदार्थाचं मुंबईतलं रूप. म्हणून पहिली गोष्ट: या टार्टसाठी सुपरमार्केटमधली महागडी, पिवळीधमक आयात लिंबं आणू नका. त्यांच्या सालीवर बऱ्याचदा मेणाचा थर असतो, आणि रसाला कागदी लिंबाची धार नसते. मुंबईत हा पदार्थ फसतो तो फळामुळे नाही. तो फसतो दमट हवेमुळे, मऊ पडलेल्या बिस्किटांमुळे, आणि "फार आंबट होईल" या भीतीने रस कमी घातल्यामुळे.

रस कमी घातला की काय बिघडतं ते आधी सांगते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. सारणात मुख्य घटक कंडेन्स्ड मिल्क. साध्या दुधात लिंबू पिळलं की ते फाटतं, पाणी वेगळं आणि चोथा वेगळा होतो. कंडेन्स्ड मिल्कमध्ये पाणी कमी, प्रथिनं दाट आणि साखर भरपूर, त्यामुळे आंबटपणा मिळाल्यावर ते फुटत नाही, आळतं. लिंबाचा रस घालून ढवळायला लागलात की दोन मिनिटांत चमच्याला जडपणा जाणवतो, ते हेच. रस पुरेसा नसेल तर दुधातली प्रथिनं नीट आळत नाहीत आणि सगळा भार अंड्याच्या बलकावर येतो. शिवाय कंडेन्स्ड मिल्कमध्ये निम्म्याहून जास्त साखरच असते. रस कमी केलात तर खाली ढिला आणि वर मिट्ट गोड असा पदार्थ हाती येतो. ४०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्कला १२० मिली रस, हे प्रमाण धरूनच चला.

लिंबं

आठ इंची टार्टसाठी दहा लिंबं आणा. चांगल्या रसरशीत लिंबातून १५ ते २० मिली रस निघतो, म्हणजे सात-आठ पुरतात, पण दोन कोरडी निघणार हे गृहीत धरा. हातात घेतल्यावर आकारापेक्षा जड वाटणारी, गुळगुळीत आणि पातळ सालीची निवडा. खरखरीत, जाड सालीची नकोत. पूर्ण हिरवी, टणक लिंबं रसाला कंजूष असतात. पिवळी पडू लागलेली, सालीवर हिरवट झाक उरलेली सगळ्यांत चांगली, त्यांत सालीचा वासही आणि रसही असतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं 'साई सरबती' हे वाण बाजारात बऱ्यापैकी येतं आणि रसाला उत्तम आहे, पण भाजीवाल्याला वाण विचारून उत्तर मिळेलच असं नाही, तेव्हा हाताच्या वजनावर विश्वास ठेवा.

मोसंबीचा विचार करू नका, तिच्यात आंबटपणाच नाही, सारण आळणार नाही. महाळुंगात रस नगण्य, जाड पांढरी सालच जास्त. बाटलीतला तयार लिंबूरसही नको, त्यातल्या संरक्षक द्रव्याची चव टार्टमध्ये लपायला जागा नसते.

एप्रिल-मे महिन्यांत लिंबं महाग आणि कोरडी असतात, कारण हस्त बहाराची, म्हणजे पावसाळा सरताना आलेल्या फुलोऱ्याची फळं मुळातच थोडी. आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळा सरताना आलेल्या फुलोऱ्याचं मुख्य पीक पावसाळ्यात येतं, तेव्हा ती स्वस्त आणि रसाळ होतात. गंमत अशी की नेमकी तेव्हाच मुंबईची हवा बिस्किटाच्या कवचाची वैरी असते. म्हणून पुढे कवचावर जास्त बोलणार आहे.

आधी साल किसा, मग रस काढा. उलट केलंत तर पिळलेलं लिंबू किसणीवर धरता येत नाही. लिंबं धुऊन अगदी कोरडी पुसा. बारीक दातांची किसणी घ्या आणि एका जागी एकदाच फिरवा, फक्त रंगीत थर निघाला पाहिजे. कागदी लिंबाची साल इतकी पातळ असते की दुसऱ्यांदा किसणी फिरवली की पांढरा भाग आलाच, आणि तो कडू असतो. पाच लिंबांचा कीस म्हणजे दोन चहाचे चमचे भरतो, तेवढा पुरे. नंतर लिंबं ओट्यावर तळहाताने दाबून लोळवा, कापा आणि पिळा. दाबयंत्रात पिळत असाल तर शेवटचा थेंब काढायचा हट्ट नको: साल चेपली की तिचं तेल आणि कडवटपणा रसात उतरतो, बी फुटली तर आणखीनच. रस बारीक गाळणीने गाळा आणि मोजून घ्या. काढलेला रस तासन्‌तास ठेवू नका, तो ठेवल्याने कडवट होत जातो. टार्ट करायच्या वेळीच काढा.

कवच

मूळ पदार्थात ग्रॅहम क्रॅकर्स नावाची गव्हाची अमेरिकन बिस्किटं वापरतात. आपल्याकडे डायजेस्टिव्ह बिस्किटं त्याच्या सर्वांत जवळची. १८० ग्रॅम डायजेस्टिव्ह आणि ८० ग्रॅम वितळलेलं बटर, बस. नेहमीचं खारं अमूल बटर इथे चालतं, उलट बरंच वाटतं, आंबट-गोडाच्या जोडीला थोडं मीठ लागतंच. फक्त मग वेगळं मीठ घालू नका.

मारी वापरायची असेल तर गणित बदलतं. मारीत स्निग्धांश कमी असतो, त्यामुळे तिला १८० ग्रॅमला १०० ग्रॅम बटर आणि दोन टेबलस्पून पिठीसाखर लागते, नाहीतर कापताना भुगा होतो. नानखटाईचंही कवच सुरेख होतं. तिच्यात मुळातच तूप भरपूर, म्हणून २०० ग्रॅम नानखटाईला ३०-३५ ग्रॅम बटर पुरतं. मात्र वेलचीची नानखटाई टाळा, वेलची लिंबाच्या सालीचा वास खाऊन टाकते. बटरऐवजी तूप घ्यायचं असेल तर पाचवा हिस्सा कमी घ्या, कारण बटरमध्ये पाणी असतं आणि तुपात नसतं.

आता दमटपणा. पावसाळ्यात उघडलेला पुडा तासाभरात नरम पडतो. नवा पुडाच उघडा, आणि तरी शंका असेल तर बिस्किटं ताटलीत पसरून १५० अंश सेल्सियसवर ७-८ मिनिटं गरम करा, पूर्ण गार होऊ द्या, मगच मिक्सरला लावा. गरम असताना मिक्सर फिरवलात तर वाफ धरून चुरा गोळा होतो. चुरा रव्यापेक्षा थोडा जाडसर हवा. पिठासारखा बारीक झाला तर कवच भाजल्यावर दगडासारखं होतं. वितळलेलं बटर घालून हाताने कालवा. मूठ दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने ढकलला तर सुटावा, मोदकाच्या उकडीसारखा चिकट नको.

साचा आठ इंची, एक इंच खोल, सुटा तळ असलेला घ्या. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास बेकरीच्या सामानाच्या दुकानांत तो इंचांच्या मापानेच मिळतो. आधी कडा दाबा, मग तळ, म्हणजे तळाला जाड थर साचत नाही. सपाट बुडाची वाटी हे उत्तम हत्यार आहे: वाटीने तळ दाबा, वाटी फिरवत कडेचा कोपरा भरा. कडा तळाला मिळतात तिथे चुरा साचून कोपरा जाड होतो, आणि टार्ट कापताना पहिला तुकडा तिथेच अडतो. जोर लावून ठोकू नका, घट्ट बसेल एवढंच दाबा. साचा पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा.

मग १७० अंशांवर १० मिनिटं भाजा. न भाजता नुसतं गार करून घेणारे बरेच आहेत, पण मुंबईत ते चालत नाही. बटर तीस-बत्तीस अंशांना वितळू लागतं, आणि आपलं स्वयंपाकघर बऱ्याचदा तेवढंच तापलेलं असतं. फक्त बटरवर उभं असलेलं कवच ताटात येईपर्यंत ढासळतं. भाजल्यावर बिस्किटातली साखर वितळून पुन्हा घट्ट होते आणि चुरा त्या साखरेने धरला जातो. साच्याखाली एक ताटली जरूर ठेवा, सुट्या तळातून बटर थेंबथेंब गळतं आणि ओटीजीच्या, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनच्या रॉडवर पडलं तर धूर होतो. बाहेर काढल्यावर कडा घसरलेल्या दिसल्या तर घाबरू नका, गरम असतानाच वाटीने परत वर दाबा.

सारणाचं पाणी कवचात झिरपू नये यासाठी एक सोपा थर देता येतो. कवच गरम असताना अंड्याचा पांढरा भाग ब्रशने अगदी पातळ लावा आणि दोन मिनिटं परत ओव्हनमध्ये ठेवा. अंडं नको असेल तर कवच गार करून वितळलेलं व्हाइट चॉकलेट लावा. पावसाळ्यात हा थर टाळू नका.

बिस्किटाऐवजी पिठाचं कवच हवं असेल तर १६० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम पिठीसाखर, ९० ग्रॅम गार बटर, एक बलक आणि लागलं तर एक चमचा बर्फाचं पाणी. कणकेसारखं मळायचं नाही, गोळा झाला की थांबायचं. उकाड्यात ते लाटण्याला चिकटतंच, म्हणून दुधाची पिशवी कापून धुवा आणि पोळीसारखं त्या दोन प्लास्टिकच्या मध्ये लाटा. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. वर बटरपेपर आणि त्यावर कोरडा राजमा भरून १८० अंशांवर १५ मिनिटं, मग राजमा काढून आणखी १० मिनिटं. चविष्ट लागतं, पण पहिल्यांदा करणाऱ्याने बिस्किटापासूनच सुरुवात करावी.

सारण

कंडेन्स्ड मिल्क ४०० ग्रॅम, वजन करूनच घ्या, डब्यांची मापं बदलत असतात. अंड्यांचे बलक चार. परदेशी कृतीत तीन लिहिलेले असतात, पण आपली अंडी साधारण ५० ग्रॅमची, तिकडच्या मोठ्या अंड्यांपेक्षा लहान, म्हणून इथे चार. लिंबाचा रस १२० मिली, कीस दोन चहाचे चमचे.

भांडं स्टीलचं किंवा काचेचं. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात लिंबाचा रस ठेवला तर सारणाला धातूची चव येते आणि रंगही काळवंडतो.

आधी बलक आणि कीस एकत्र करून दोन मिनिटं फेटा, सालीचं तेल बलकाच्या स्निग्धांशात उतरतं आणि वास टिकतो. अंड्याचा वास न आवडणाऱ्यांसाठीही हीच पायरी कामाची. बलकाला चिकटलेला पांढरा भाग आणि दोरीसारखा तंतू काढून टाकलात तर तो वास जवळजवळ जाणवत नाही. मग कंडेन्स्ड मिल्क घालून एकजीव करा, शेवटी रस. जोरात फेटून हवा भरू नका, बुडबुडे भाजताना वर येऊन फुटतात आणि पृष्ठभाग खड्डेदार होतो. हलक्या हाताने ढवळा, दहा मिनिटं तसंच ठेवा, ते आळताना दिसेल. हिरवा रंग घालायचा मोह टाळा. कागदी लिंबाचा टार्ट फिकट पिवळाच असतो, तोच त्याचा रंग.

कोमट कवचात सारण ओता आणि १६० अंशांवर १५ ते १८ मिनिटं भाजा. ओटीजीत दोन्ही रॉड चालू ठेवा पण जाळी खालच्या खाचेत लावा, वरच्या रॉडजवळ साय धरल्यासारखा तपकिरी पापुद्रा येतो. छोट्या ओटीजीत फॉइलचा तुकडा सैल झाकून ठेवा. घरगुती ओटीजीचा काटा आणि आतलं खरं तापमान यांत वीस-तीस अंशांचा फरक सहज असू शकतो, आतला छोटा थर्मामीटर घेणं खरंच उपयोगाचं आहे. साचा हलवल्यावर कडा स्थिर आणि मधला तीन इंचांचा गोल जेलीसारखा थरथरला की काढा. पाण्यासारखी लाट दिसली तर अजून तीन मिनिटं. फुगून बुडबुडे येऊ लागले तर जास्त झालं आहे: असा टार्ट गार झाल्यावर मध्ये चिरतो आणि जिभेला दाणेदार लागतो.

बाहेर तासभर गार होऊ द्या. गरम टार्ट फ्रीजमध्ये ठेवला तर वर पाण्याचे थेंब जमतात आणि सारणात उतरतात. मग फ्रीजमध्ये पहिला तास उघडा, पुढे झाकून, एकूण चार तास तरी. आदल्या रात्री केलेला सर्वांत उत्तम कापला जातो.

अंडं न घालता

आपल्याकडे बऱ्याच घरांत अंडं चालत नाही, किंवा संकष्टी-गुरुवारी चालत नाही. कॉर्नफ्लॉवरची खळ घालून केलेलं सारण मला पटत नाही, त्याची चव पिठूळ राहते. त्यापेक्षा चक्का घ्या. ३०० ग्रॅम ताजा, फार आंबट नसलेला चक्का बारीक चाळणीतून पुरणासारखा घासून घ्या, नाहीतर दाणे राहतात. त्यात ४०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, फक्त एक टेबलस्पून कॉर्नफ्लॉवर, कीस आणि शेवटी १०० मिली रस. चक्क्याचा स्वतःचा आंबटपणा असतो म्हणून रस थोडा कमी. १५० अंशांवर २५ मिनिटं, आणि याला आच अजिबात वाढवू नका, चक्का तापला की पाणी सोडतो. हे प्रमाण अंड्याच्या सारणापेक्षा जास्त होतं, उरलेलं दोन वाट्यांत घालून शेजारीच भाजा. वाट्यांमधलं दहा-बारा मिनिटांतच सेट होतं.

चक्का घरी करत असाल तर म्हशीच्या दुधाच्या दाट दह्याला फडक्यात बांधून रात्रभर फ्रीजमध्ये टांगा. बाहेर टांगलेलं दही मुंबईच्या उकाड्यात सकाळपर्यंत आंबून जातं. बाजारातला घ्यायचा असेल तर त्यात साखर नाही ना, हे विचारून घ्या.

ओव्हनच नसेल तर कवच जाड बुडाच्या कढईत मिठाच्या थरावर स्टँड ठेवून झाकणाखाली मंद आचेवर भाजता येतं, पंधरा-वीस मिनिटं लागतात. सारण मात्र तसं करताना झाकणाला फडकं बांधा, नाहीतर वाफेचं पाणी टपटप पडून वरचा थर खराब होतो.

वर काय घालायचं

सारण गोड आहे, म्हणून वरचा थर गोड नको. अमूल फ्रेश क्रीममध्ये २५ टक्के स्निग्धांश असतो, तो फेटून उभा राहत नाही, कितीही वेळ फेटा. ३५ टक्क्यांच्या आसपासची व्हिपिंग क्रीम हवी, आणि भांडं, फेटणी, क्रीम तिन्ही फ्रीजमधून काढलेली हवीत, शक्य असेल तर भांडं बर्फावर ठेवून फेटा. केकवाल्यांची वनस्पती तुपाची गोड क्रीम इथे वापरू नका. जिभेवर तिचा थर बसतो आणि लिंबाची धार झाकली जाते. माझी पसंती पुन्हा चक्क्यालाच: १५० ग्रॅम चक्का, एक टेबलस्पून पिठीसाखर, दोन टेबलस्पून फ्रेश क्रीम, गुळगुळीत फेटून वर पसरा. श्रीखंडापेक्षा बराच कमी गोड, आणि लिंबाशी छान जमतो.

उरलेल्या पांढऱ्या भागाचं मेरांग, म्हणजे साखर घालून फेटलेला घट्ट फेस, करता येतं, पण जून ते सप्टेंबर ते करू नका. साखर हवेतलं पाणी ओढते आणि अर्ध्या तासात मेरांगला घाम फुटतो. हिवाळ्यात करायचं असेल तर दोन पांढरे भाग आणि १०० ग्रॅम साखर उकळत्या पाण्यावर धरून, साखर विरघळून मिश्रण चांगलं गरम लागेपर्यंत ढवळा, मग फेटा आणि वाढायच्या वेळीच वर घाला.

बिघडलेलं ओळखायचं कसं

खालचं कवच ओलं झालं तर बिस्किटं नरम होती किंवा कवचाला अंड्याचा किंवा चॉकलेटचा थर दिला नव्हता. कवच सुरीने फुटतच नाही, तर चुरा फार बारीक किंवा फार ठोकला. भुगा झाला तर बटर कमी किंवा भाजलं नाही. सारण कडू लागलं तर सालीचा पांढरा भाग, फुटलेली बी किंवा शिळा रस. चार तासांनंतरही वाहत असेल तर रस कमी पडला किंवा ओव्हन थंड होता. अशा वेळी टार्ट परत १५० अंशांवर दहा मिनिटं ठेवून बघा, निदान बलकाचं सारण बहुतेकदा सावरतं. लिंबंच पाणचट निघाली असतील तर पुढच्या वेळी रसात पाव चहाचा चमचा लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, विरघळवून घ्या. वासासाठी मात्र कीसच लागतो, लिंबूफुलाला वास नसतो.

कापताना लांब सुरी गरम पाण्यात बुडवा, पुसा, एकदाच सरळ खाली दाबा, करवतीसारखी फिरवू नका. प्रत्येक तुकड्यानंतर परत बुडवा आणि पुसा. उरलेला टार्ट स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, कारण दूध आणि बटर फ्रीजमधला कांद्याचा, सुकटीचा वास लगेच धरतात. तीन दिवस चांगला राहतो, दुसऱ्या दिवशी कवच सर्वांत चांगलं लागतं. फ्रीजमधून काढल्यावर दहा मिनिटांत वाढा.